पाठकोरा कागद

आठ वाजायला सहा मिनिटं उरली होती आणि दयानंद चौगुलेने अजून चित्र टाकलं नव्हतं. म्हणून विमलानेही टाकलं नव्हतं.

"टाका की," ती म्हणाली.

"तू टाक आधी."

"तुमच्या आधी कसं टाकू?"

"बोटानं टाक."

"नको. तुम्ही टाका, मग टाकते."

वास्तविक जेवायला विमला नवऱ्यासाठी कधीच थांबत नसे. भूक लागली की ती जेवून घ्यायची आणि भांडं विसळून ठेवायची. चित्राच्याच बाबतीत हा पतिव्रताधर्म तिने कुठून काढला, हे दयानंदला चार महिने झाले तरी कळलेलं नव्हतं. आणि त्या धर्मापायी त्याचा रोज संध्याकाळी जीव जात होता.

कारण 'रोजची रेघ' या ग्रुपचा नियमच तसा होता. बेंगळुरूतल्या एकतीस हौशी मराठी माणसांचा हा ग्रुप विद्याताईंनी काढला होता. घरातली कुठलीही साधी वस्तू पाहायची, तिचं चित्र काढायचं, आठच्या आत टाकायचं. आपल्यानंतर ज्याचं चित्र येईल त्याला आपण दोन ओळींचा धीर द्यायचा. चुका काढायच्या नाहीत. गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवणाऱ्याला आठ दिवस बाहेर बसवायचं. याहून सुटसुटीत राज्यघटना दयानंदने पाहिली नव्हती, आणि तीन वर्षं तिचा त्याला काही त्रासही झाला नव्हता. पण आता त्याच्या पाठोपाठ रोज त्याची बायको यायची, आणि रोज त्याला तिची पाठ थोपटावी लागायची.

पहिल्या आठवड्यात त्याने 'कुकर छान' असं लिहून काम भागवलं. त्यावर विद्याताईंचा खासगीत निरोप आला: 'दयानंदराव, दोन ओळी हव्यात. कुकर छान ही एक ओळसुद्धा होत नाही.' मग त्याने 'कुकर छान. शिट्टीही छान,' असं लिहिलं.

आठला एक मिनिट असताना त्याने आपला स्टेपलर टाकला. समोरून, बाजूने आणि वरून, तीन कोनांतून काढलेला. लगेच विमलाने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल टाकला. खुर्ची वाकडी होती. पण टॉवेल असा काही लोंबत होता, की दयानंदने नकळत उठून खुर्चीखालची फरशी पुसायचं फडकं शोधलं. मग तो परत बसला आणि त्याने लिहिलं: 'टॉवेल ओला वाटतो. वाळत घालावा.'

यावर मारतहळ्ळीच्या सुहासने नऊ हसरे चेहरे टाकले.

दयानंद पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. बावीस वर्षं त्याने उभ्या बोर्डापुढे उभं राहून टी-स्क्वेअरने व्हॉल्व्ह काढले. त्याच्या हाताची रेघ पाहून जुने मालक म्हणायचे, "चौगुले, नी स्केलु." म्हणजे, तू माणूस नाहीस, पट्टी आहेस. दयानंदला हे आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस वाटायचं. मग कॉम्प्युटर आले, एसीच्या केबिनमध्ये दोन पोरं बसली, आणि दयानंदकडे त्यांच्या प्रिंटवर 'तपासले' असा शिक्का मारायचं काम आलं. त्याचा बोर्ड कँटीनने नेला. त्यावर आता चपात्या लाटतात. चपात्या एकदम गोल येतात, असं कँटीनवाला सांगतो.

त्यामुळे हाताने रेघ मारायला त्याच्याकडे जगात एकच जागा उरली होती, ती म्हणजे हा ग्रुप. त्याने एक दिवस चुकवला नव्हता. हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याने पलंगावरून सलाईनची बाटली काढली होती, मिलीलिटरच्या सगळ्या खुणांसकट. त्यावर पद्माकर काकांनी लिहिलं, 'लाइन स्वच्छ आहे. लवकर बरे व्हा.' पद्माकर काका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. दयानंदच्या प्रत्येक चित्राला ते 'लाइन स्वच्छ आहे' एवढंच म्हणायचे. तीन वर्षांत स्वच्छतेच्या पुढे गाडी गेली नाही.

विमलाला ग्रुपमध्ये घेतलं तेही त्यानेच. त्याच्या चित्राला सहा-सात बदाम पडायचे, सुहासच्या लॅपटॉपला नि कॉफीमगाला बारा-बारा. घरातून एक हक्काचा बदाम आला तर बरं, एवढाच त्याचा साधा हिशेब. पहिल्या दिवशी विमलाने तीसच्या तीस जणांना बदाम दिले. दुसऱ्या दिवशी विद्याताईंनी विचारलं, "विमलाताई, तुमचं चित्र?" तेव्हा तिने दयानंदच्या रद्द कागदांतला एक पाठकोरा ओढला आणि किराण्याची यादी लिहायच्या बॉलपेनने गॅसवरचा कुकर काढला. त्याचं झाकण कुठल्याही जन्मात बसलं नसतं. पण बघणाऱ्याला वाटायचं, आता शिट्टी होणार. पद्माकर काकांनी लिहिलं, 'मी गॅस बंद करायला उठलो.'

सत्तावीस बदाम. दयानंदने दोनदा मोजले.

त्या दिवसापासून ती रोज त्याच्या पाठकोऱ्यावर काढायची. त्याने जो कागद अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीपायी बाजूला टाकला असेल, त्याच्या मागे तिच्या चपला, तिची पोळी, तिचा दाराचा पडदा. तो म्हणाला, "नवीन वही आणून देतो." ती म्हणाली, "कशाला? मागची बाजू मोकळीच हाय की."

टॉवेलच्याच आठवड्यात विद्याताईंनी प्रदर्शनाचं जाहीर केलं. हे तिसरं वर्ष. चामराजपेटमधल्या एका मंडळाचा छोटा हॉल, वीस चित्रं. शिळं चित्र चालणार नाही, ग्रुपवर न टाकलेलं ताजं चित्र हवं, आणि ते पाकिटात बंद करून दयानंदरावांकडे पोचवायचं. चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, म्हणजे माउंट कापायचे, फ्रेमा लावायच्या आणि खिळे मारायचे, ही कामं पहिल्यापासून त्याची. दाराशेजारची भिंत ही मानाची जागा. गेली दोन वर्षं तिथे दयानंदचं चित्र लागलं होतं. ते कोणी ठरवलं नव्हतं. पण ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला फारसं कोणी विचारत नाही.

'या वर्षी दाराशेजारी विमलाताई,' असं विद्याताईंनी लिहिलं. 'सगळ्यांचं एकमत आहे.'

दयानंदने अंगठा दिला.

"तुम्हाला बरं वाटलं न्हवं?" विमलाने पोळी लाटता लाटता विचारलं.

"का न्हाई वाटणार?"

"तोंड तसं दिसंना."

"तोंड माझं असंच हाय."

"ते मला ठाऊक हाय," विमला म्हणाली. "रोज बघते की."

शनिवारी दुपारी विमला यशवंतपूरला बहिणीकडे गेली आणि दयानंदने जेवणाच्या टेबलावर कटर, स्टीलची पट्टी नि माउंटबोर्ड मांडले. एकेक पाकीट फोडलं. सुहासचा लॅपटॉप. पद्माकर काकांचा शब्दकोड्यावर ठेवलेला चष्मा. विद्याताईंची तुळस. प्रत्येक चित्राला वरच्या कडेला टेपचे दोन तुकडे, की ज्याचं चित्र त्याला नंतर धडधाकट परत देता यावं. अठरा चित्रं झाली, एकोणिसावा त्याचा स्वतःचा टेबलफॅन झाला. शेवटी विमलाचं पाकीट उरलं. कुणाच्या तरी मुंजीच्या आमंत्रणाचं पाकीट होतं ते.

कागद काढला तर त्यावर त्याचाच गेट व्हॉल्व्ह. मधोमध कापून आतलं दाखवलेला, दोन वर्षांपूर्वी आठवणीतून काढलेला. एका बोल्टच्या तिरक्या रेघांतली एक रेघ अर्धा मिलिमीटर बाहेर गेली म्हणून त्याने तो रद्द केला होता. हिने चुकून माझंच चित्र दिलं, असं त्याला वाटलं आणि एक क्षण फार बरं वाटलं.

मग त्याने कागद उलटा केला.

मागे तो स्वतः होता. याच टेबलाशी, याच खुर्चीत, चित्र काढताना. जिभेचं टोक दातांत धरलेलं. एक खांदा वर चढलेला. कान भलताच मोठा. टेबलाचे चार पाय चार दिशांना. पण त्या माणसाने आपल्या कागदाभोवती डावा हात असा घातला होता, जणू कोणीतरी मागून येऊन तो ओढून नेईल.

दयानंदने चष्मा पुसला आणि चुका शोधल्या. अकरा सापडल्या. मोजून झाल्यावरही चित्र तसंच होतं.

आपली बायको आपल्याला इतकं निरखून बघते, याचं त्याला अप्रूप वाटायला हवं होतं. निदान लाज वाटायला हवी होती. त्याला वाटला तो फक्त हेवा. हजारावर चित्रं त्याने काढली. स्टेपलर तीन बाजूंनी काढला. पण असं एक त्याच्या हातून झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं, हे त्याला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आता हा जीभ बाहेर काढलेला माणूस दाराशेजारी लागणार, आणि येणारा-जाणारा म्हणणार, वा विमलाताई.

त्याने टेप ठेवून दिली. फेविकॉलचा डबा काढला. विमलाच्या बाजूवर, म्हणजे स्वतःच्याच तोंडावर, तो ओतला आणि स्टीलच्या पट्टीने या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा पसरवला. कागद बोर्डावर पालथा घातला. व्हॉल्व्ह वर. मग लाटण्याने दाबून हवेचे बुडबुडे काढले.

"सवय," तो रिकाम्या घराला म्हणाला. कारखान्यात ड्रॉइंगची बाजू कायम वर असते. कोणी विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. फक्त, कारखान्यात ड्रॉइंग फेविकॉलने डकवत नाहीत.

त्याची सही खालच्या उजव्या कोपऱ्यात होती. ती झाकली जाईल एवढा माउंट त्याने दोन बोटं रुंद कापला आणि खाली चिठ्ठी लावली: विमला चौगुले. एकदा तिलाही 'लाइन स्वच्छ आहे' ऐकू दे, असं त्याला वाटत होतं. त्याहून मोठा काही बेत नव्हता.

रविवारी सकाळी विमला ठेवणीतली इरकल नेसली. हॉलवर पोचल्यावर विद्याताईंनी तिला समई लावायला, पानसुपारी मांडायला आतल्या बाजूला बसवून ठेवलं. दयानंदने वीस खिळे मारले. दाराशेजारचा शेवटी. मग तो हातोडा हातात धरून बाजूला उभा राहिला आणि लोकांचा हिरमोड होण्याची वाट बघू लागला.

सगळ्यांत आधी पद्माकर काका आले. चित्रापुढे थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. सहा मिनिटं ते हलले नाहीत. दयानंदने घड्याळ लावलं होतं.

"विलक्षण," काका म्हणाले. "बाईचं सगळं आयुष्य आलंय ह्यात. स्वतःला मधोमध कापून दाखवलंय हो तिने. बघा, सगळीकडून बंद, घट्ट, बोल्ट लावलेलं. आणि तरी आतून एक वाट आहे."

"तो गेट व्हॉल्व्ह आहे," दयानंद म्हणाला.

"ते दिसतंय मला. मी इंजिनिअर आहे."

तेवढ्यात सुहास आला. "ओ माय गॉड. किचनमधून डायरेक्ट इथे? काकूंनी टॉपिकच चेंज केला यार. आणि हा बोल्ट बघितला का? ही एक लाइन बाहेर गेलीये ना, स्वल्पच, पण सगळं फीलिंग तिथेच आहे. बाकी सगळं परफेक्ट आणि इथे हात थरथरला. मला गूजबम्प्स आले."

विद्याताई आल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण. कोणी त्या बोल्टचा जवळून फोटो घेतला. कोणी म्हणालं, हिने इतके दिवस कुकर काढून आपल्याला फसवलं.

बावीस वर्षं आणि वर तीन वर्षं ज्या शब्दांची दयानंदने वाट पाहिली होती ते सगळे आज एकदम येत होते, त्याच्याच व्हॉल्व्हवर पडत होते आणि खालच्या चिठ्ठीवरून घरंगळून विमलाच्या पदरात जात होते. विमलाच्या चित्राचा हेवा त्याने चार महिने केला होता. आता त्याला विमलाचा हेवा वाटत होता, आणि तोही स्वतःच्या चित्रापायी. इतकी गैरसोयीची भावना त्याला याआधी कधी झाली नव्हती.

"विमलाताई, या ना इकडे," विद्याताईंनी हाक मारली. "सांगा बघू, कसं सुचलं?"

विमला हात पुसत आली. तिने चित्राकडे पाहिलं. मग दयानंदकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे, जरा जास्त वेळ.

"मला कुठलं सुचतंय असलं," ती म्हणाली. "हे ह्यांचं चित्र हाय. ह्यांनी काढलंय."

सगळे एकदम हसले.

"बघा," विद्याताई गहिवरून म्हणाल्या, "हा मोठेपणा. स्वतःचं श्रेयसुद्धा नवऱ्याला."

"काकू, सो हंबल," सुहास म्हणाला.

"अहो खरंच. ह्यांचंच हाय."

"हो, हो. तुमचं सगळं त्यांचंच."

दयानंदने हातोडा खाली ठेवला. "ती खरं सांगतेय," तो म्हणाला. "चित्र माझं आहे. मी काढलंय ते. दोन वर्षांपूर्वी."

यावर कोणी हसलं नाही. पद्माकर काकांनी त्याच्या कोपराला धरलं, त्याला खिडकीपाशी नेलं आणि आवाज खाली केला.

"दयानंदराव, रागावू नका. पण चार महिने आम्ही सगळे बघतोय. टॉवेल वाळत घालावा, शिट्टी छान, वगैरे. समजतं हो माणसाला. पण बायकोचं कौतुक होतंय, होऊ द्या की. आजच्या दिवस तरी."

"काका, माझी सही आहे त्यावर."

"बरं, बरं. हा म्हैसूरपाक घ्या." काकांनी त्याच्या हातावर वडी ठेवली. जाता जाता त्यांना काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं असावं. "आणि तुमचा टेबलफॅनही पाहिला. लाइन स्वच्छ आहे."

दयानंदच्या खिशात कटर होता. माउंटचा खालचा कोपरा दोन बोटं कापला असता, तर सही सगळ्यांसमोर आली असती, तारखेसकट. तो चित्रापर्यंत गेलाही. कटर बोटाला लागला. पण मग विमलाताईंचं चित्र कुठाय, असं कोणीतरी विचारलंच असतं. विद्याताईंनी नक्की विचारलं असतं. आणि विमला तिथेच उभी होती, इरकलीचा पदर नीट करत, लोकांचे फुकट मिळालेले शब्द जड ओझ्यासारखे दोन्ही हातांत धरून.

त्याने हात खिशातून रिकामा काढला. म्हैसूरपाक खाल्ला. लोकांना सरबत वाटायला गेला.

चार वाजता चित्रं उतरली. ज्याचं त्याला परत दिलं. विमलाने आपली फ्रेम वर्तमानपत्रात न गुंडाळताच छातीशी धरली आणि दोघं बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. बराच वेळ बस आली नाही.

"माझं मागं हाय न्हवं?" विमलाने विचारलं.

"हाय."

"टेप लावलासा?"

"न्हाई. फेविकॉल."

"कोपऱ्यांना?"

"सगळीकडं."

चादरीवरचा डाग कशाने निघेल याचा विचार करावा तसा विमलाने त्यावर विचार केला. "मग न्हाई निघायचं ते," ती म्हणाली.

"वाफेवर धरून बघू."

"बॉलपेन हाय. पसरतंय." ती रस्त्याकडे बघत होती. एक रिक्षा थांबली, तिने मानेनेच नको म्हटलं. "मला काय. तोंड तुमचंच होतं."

दयानंदने तिने छातीशी धरलेल्या फ्रेमकडे पाहिलं. "चांगलं आलं होतं, विमल. लई चांगलं."

"कान मोठा झाला होता."

"कान माझा मोठाच हाय."

"हां," ती म्हणाली. "ते बी खरं."

बस आली. विमलाला पुढे बायकांच्या बाजूला जागा मिळाली, मोगऱ्याची टोपली मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीशेजारी. दयानंद मागे दांड्याला धरून उभा राहिला. मध्ये माणसं होती, गाडीचा आवाज होता, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं. म्हातारीने चित्राकडे बोट करून कानडीत काहीतरी विचारलं. विमलाने तिला व्हॉल्व्ह दाखवला. म्हातारीने नाक मुरडलं. तिला तो पटला नसावा.

मग विमलाने फ्रेम उलटी केली. मागे नुसता तपकिरी बोर्ड होता, कोरा. त्यावर ती बोटाने दाखवू लागली. हा खांदा. ही जीभ. इथे हात, असा, कागदाभोवती. हा कान. कानाशी बोट जरा जास्त फिरलं. म्हातारी टोपली सावरून वाकली आणि त्या कोऱ्या बोर्डाकडे बारकाईने बघू लागली. विमलाने मागे वळून गर्दीतून दयानंदकडे बोट केलं.

म्हातारी वळली. तिने दयानंदला पाहिलं, मग बोर्डाकडे पाहिलं, मग पुन्हा दयानंदला. ती ताडून बघत होती.

बस वळणावर कलली. सगळी माणसं एका बाजूला गेली, दांड्याला धरलेला दयानंदचा हात भरून आला होता, तरी तो हलला नाही. म्हातारीचं बघून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.